जिवंत माल, नग एक

तीर्थस्वरूप दादांच्या सेवेशी,

आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार पोचावा. (सध्या सात अंगांचाच पोचतो आहे. आठवं अंग म्हणजे उजवा गुडघा. तो का दुमडत नाही ते पुढे ओघात येईल.) आपली साखर आटोक्यात असेल, नवी कवळी हिरड्यांना रुळली असेल आणि वहिनींची कंबर त्यांना पूर्वीसारखी साथ देत असेल, अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेमकुशल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर आपल्या तीर्थरूपांची, म्हणजे तात्यांची, तब्येत उत्तम आहे, आपल्या बहिणीचं ड्रायव्हिंग स्कूल उत्तम चाललं आहे, आणि घरात उरलेल्या तिसऱ्या माणसाविषयी हे पत्र आहे.

फोन सोडून पत्र का, असं आपण म्हणाल. फोनवर आपण बोलता आणि मी 'हो दादा' म्हणतो. लग्न झाल्यापासून ही घडी बसली आहे आणि ती मोडायची माझी इच्छा नाही. पण या वेळचा विषय असा आहे की मधेच कोणी 'ते राहू दे, मी काय म्हणतो' असं म्हटलं तर माझा धागा सुटेल आणि परत हाती लागणार नाही. शिवाय वर्तमानपत्रातला तो फोटो आपण पाहिलात असं कळलं. (फोटो पाहून आपण तात्यांना फोन केलात आणि 'यातला आपला जावई कुठला?' असं विचारलंत म्हणे. तात्यांनी 'टोपीवाला' असं सांगितलं. पण फोटोग्राफरने टोपी गाढवाच्या डोक्यावर ठेवली होती, त्यामुळे आपला गैरसमज अजून तसाच असण्याची शक्यता आहे.) म्हणून झालं ते पहिल्यापासून लिहितो.

माझं काम नेमकं काय, हे मी आपल्याला एकदा समजावून सांगितलं होतं, आणि तेव्हापासून आपण माझ्यावर नाराज आहात. बहिणीचा नवरा विमान चालवतो असं आपण सगळ्या नात्यागोत्यात सांगून बसलात, आणि मग कळलं की माझ्या विमानात पुढच्या दोन सोडल्या तर खुर्च्याच नाहीत. आपण वहिनींसह फुकट प्रवासाची चौकशी केलीत तेव्हा 'पार्सल म्हणून नेता येईल' असं मी म्हणालो, ते विनोदाने म्हणालो होतो, हे इतक्या वर्षांनी पुन्हा एकदा स्पष्ट करतो. माझं आयुष्य औषधं, गुलाबाची फुलं, पंपांचे सुटे भाग, अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली कोंबडीची पिल्लं आणि क्वचित एखादी शवपेटी यांच्या संगतीत गेलं. यातलं कोणीही विमान उतरताना टाळ्या वाजवत नाही. पण उशीर झाला म्हणून तोंडही वाजवत नाही. मी सुखी होतो.

तर आमच्या पार्सल कंपनीचा स्वतःचा विमान विभाग होता. स्वतःची विमानं (जुनी, पण प्रेमळ) आणि स्वतःचे वैमानिक (तसेच). एका सकाळी मॅनेजरसाहेबांनी आम्हा सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. टेबलांवर बशा भरभरून क्रीमची बिस्किटं मांडलेली होती. या कंपनीने आजवर आम्हाला साधं बिस्किट विचारलं नव्हतं, तेव्हा क्रीम पाहूनच आम्ही काय ते समजायला हवं होतं. साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. पहिल्या चित्रात एक लठ्ठ माणूस होता, दुसऱ्यात तोच बारीक होऊन हवेत उडी मारत होता. तो माणूस म्हणजे कंपनी, आणि मधल्या काळात त्याच्या अंगावरून जे झडलं ते आम्ही, हे कळायला मला दोन बिस्किटं लागली. इथून पुढे माल उडवायचं काम बाहेर कंत्राटाने द्यायचं ठरलं होतं. शेवटी साहेबांनी पडदा बंद केला. "पण एक लक्षात ठेवा," ते म्हणाले, "शेवटचा नग पोचता होईपर्यंत तुम्ही आमच्या घरातलेच आहात."

आमच्या वैमानिक संघटनेचे चिटणीस तिथे होते. या गृहस्थांना आम्ही 'ठराव' म्हणतो, कारण ते एका श्वासाला श्वास घेतात आणि दुसऱ्याला ठराव मांडतात. त्यांनी लागलीच निषेधाचा एक, आणि साहेबांचं ते वाक्य जसंच्या तसं घालून बिस्किटांबद्दल आभाराचा एक, असे दोन ठराव मांडले. दोन्ही एकमताने मंजूर झाले. (साहेबांनीही हात वर केला. त्यांना वाटलं, चहा कोणाकोणाला हवा ते विचारताहेत.)

विभागाचं शेवटचं उड्डाण माझ्या वाट्याला आलं. सहवैमानिक होता रॉजर. हे त्याचं नाव नव्हे; वायरलेसवर 'समजलं' म्हणायचं असलं की आम्ही 'रॉजर' म्हणतो, आणि चाळिशीच्या या गृहस्थाला त्याव्यतिरिक्त काही बोलताना कोणी ऐकलेलं नव्हतं. (लग्नाला होकारही त्याने याच शब्दात दिला म्हणतात.) विमानाच्या पोटात सगळी खोकी, आणि मधोमध लाकडी पिंजऱ्यात एक गाढव. साधंसुधं नव्हे, उच्च कुळातलं, लांब केसांचं, डोळ्यांवर झुलपं आलेलं. दूरच्या एका फार्मवर पैदाशीसाठी गेलं होतं आणि कामगिरी बजावून परत घरी चाललं होतं. कागदावर मात्र त्याची ओळख 'जिवंत माल, नग १' एवढीच होती. म्हणून आम्ही त्याला नग म्हणू लागलो, आणि पुढे त्याचा स्वभाव कळल्यावर ते नाव बदलावं असं कोणालाच वाटलं नाही.

निम्म्या वाटेत वायरलेसवर निरोप आला, की कंत्राट या क्षणापासून बाहेरच्या कंपनीकडे गेलं असून आपला विभाग आता माल वाहत नाही. मी खिडकीतून पाहिलं. खाली ढग होते. मी विचारलं, मग मी आत्ता जे वाहतो आहे ते काय आहे? पलीकडे बरीच कुजबुज झाली आणि उत्तर आलं, "ते तुमचं तुम्ही बघून घ्या." रॉजर म्हणाला, "रॉजर."

उतरलो तर गोदामाच्या दारावर नवी पाटी, पाटीखाली नवं जाकीट घातलेला सुपरवायझर, आणि जाकिटाला दुकानातली किमतीची चिठ्ठी अजून लोंबत होती. त्याने खोकी उतरवून घेतली आणि नगासमोर येऊन थांबला. "हे हलतंय," तो म्हणाला. मी म्हटलं, जिवंत आहे. तो म्हणाला, "आमच्या कंत्राटात हलणारा माल नाही." मग आमच्या गाडी विभागाला बोलवा म्हटलं, तर गाडी विभाग सकाळीच बाहेर दिला होता. मालकाला आपणच कळवावं म्हणून पिंजऱ्यावरची पत्त्याची चिठ्ठी पाहायला गेलो, तर ती नगाने वाटेत खाल्ली होती. 'वरची बाजू' एवढी अक्षरं आणि एक बाण शिल्लक होता. ऑफिसला फोन लावला. ऑफिसही बाहेर दिलेलं. पलीकडून अतिशय गोड आवाजाची एक बाई म्हणाली की माझा फोन त्यांच्यासाठी मोलाचा आहे, आणि नग खोक्यात मावत नसेल तर त्याची घडी घालून पाहावी.

आता आपणच सांगा दादा, मी काय करायला हवं होतं? माल ताब्यात घेताना सही माझी होती, आणि विमानात माल विसरून मी आजवर कधी घरी गेलेलो नाही. वैमानिकांना घरी सोडणाऱ्या गाडीचा ड्रायव्हरही त्या दिवशी शेवटचाच येत होता, त्यामुळे त्याच्या ठिकाणी एक प्रकारचं वैराग्य आलं होतं. त्याने मागची सीट आडवी केली, आम्हा तिघांना मोजलं आणि गाडी सुरू केली. सिग्नलला लोक टक लावून पाहत होते, पण कोणी काही विचारलं नाही. माणूस गणवेशात असला की तो जे काही करतो आहे ते त्याला वरून कोणीतरी सांगितलेलं असणार, असं लोक धरून चालतात.

आपल्या बहिणीने दार उघडलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग नगाकडे, आणि म्हणाली, "नोकरी गेली हे फोनवरही सांगता आलं असतं." पण मन मोठं आहे तिचं. तिने पार्किंगमध्ये शिकवणीच्या गाडीशेजारी नगाला जागा करून दिली आणि पाण्याची बादली ठेवली. इमारतीचे सेक्रेटरी नियम घेऊन आले. कुत्री आणि मांजरं चालतील, पुढे काही लिहिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. तात्यांना काय, कोर्टातली कारकुनी सुटल्यापासून वाद घालायला माणूसच मिळत नव्हता. गाढवावर ओझं वाहतात, ज्यावर वाहतात ते वाहन, आणि वाहनाने पार्किंगमध्ये उभं राहायचं नाही तर कुठे राहायचं, असं त्यांनी सिद्ध केलं. सेक्रेटरी विचार करत घरी गेले ते अजून विचारच करताहेत.

घरात एक गाढव आलं की बोलण्यात किती घोळ होतात याची आपल्याला कल्पना नाही. तात्या खिडकीतून 'गाढव जेवलं का?' असं विचारत, आणि आपली बहीण आतून 'कुठलं?' म्हणत असे. यात कुत्सितपणा नव्हता, खरोखर माहिती हवी असे. माझ्या गुडघ्याचं म्हणाल, तर दोष सवयीचा. उड्डाणापूर्वी वैमानिकाने विमानाभोवती एक फेरी मारून, वाकून, सगळं जागच्या जागी आहे ना ते पाहायचं असतं. दुसऱ्या सकाळी मी नगाभोवती तशी फेरी मारली, आणि शेपटीच्या बाजूला आल्यावर वाकलो. विमानालाही ही तपासणी आवडत नसेल, पण ते बोलून दाखवत नाही.

त्याच दिवशी मी पाय उशीवर ठेवून पडलो असताना तात्या आले आणि खुर्ची ओढून बसले. "तुमचे साहेब काय म्हणाले होते? शेवटचा नग पोचता होईपर्यंत, असंच ना?" मी म्हटलं, हो. "लेखी आहे?" बिस्किटांच्या ठरावात आहे, म्हटलं. "मग नग पोचला का? नाही. तो खाली माझा कालचा पेपर खातो आहे. जावईबापू, तुमची नोकरी गेलेली नाही. कोणाचीच गेलेली नाही."

ठरावांना फोन केला, ते धावतच आले, आणि नगाच्या गळ्यात पडून रडले. मग पेटी उघडल्यासारखे ठराव बाहेर पडू लागले. कंपनीच्या वकिलाकडे पत्र गेलं. वकिलाने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, पुन्हा पुसला, आणि महिनाअखेर सगळ्यांचे पगार झाले. मॅनेजरसाहेबांनी मला फोनवरून हुकूम दिला की मालकाचा पत्ता शोधून नग ताबडतोब पोचवा. ठरावांनी कळवलं की आम्हा वैमानिकांना हुकूम द्यायचा अधिकार फक्त उड्डाणप्रमुखांना आहे, आणि उड्डाणप्रमुखांना आपण पहिल्याच दिवशी काढलंत. साहेबांनी नव्या कंत्राटदाराला विनंती केली. त्यांच्याकडे हलणारा माल बसत नव्हता. नग हरवला असं जाहीर करायची खटपट झाली, म्हणून ठरावांनी वर्तमानपत्रवाल्यांना बोलावून तो हजर असल्याचा फोटो काढवला. (तोच तो टोपीचा.) एकदा साहेब स्वतः गाजरं घेऊन आले. नगाने गाजरं खाल्ली, पण त्यांच्याबरोबर एक पाऊल टाकलं नाही. "कॅप्टन," साहेब मला म्हणाले, "एका गाढवापायी एवढी मोठी कंपनी अडली आहे." मी म्हटलं, साहेब, नक्की कोणाविषयी बोलताय ते स्पष्ट करा, या घरात आम्हाला ते विचारायची सवय लागली आहे.

नगाला कोणी पळवू नये म्हणून पाळ्या लागल्या. एक कॅप्टन, एक सहवैमानिक, विश्रांतीचे नियम विमानातल्यासारखेच. येणाऱ्याने म्हणायचं, 'नग माझ्याकडे', जाणाऱ्याने म्हणायचं, 'नग तुमच्याकडे'. मग तपासणी. कान? दोन, वर. शेपूट? मोकळी. पाणी? पाऊण बादली. हवामान? बरं आहे. इमारतीतली मंडळी बाल्कनीतून पाहत. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, किती नीटनेटकं काम करतात, आणि अशा माणसांना काढताहेत." खरं सांगतो दादा, आम्ही सगळे वैमानिक इतकी वर्षं एका कंपनीत होतो, पण एकमेकांना भेटत होतो ते धावपट्टीवरून जाता-येता. या पार्किंगमध्ये पहिल्यांदा कळलं की कोणाची मुलगी पोहते, कोणाचे वडील कोणालाच ओळखेनासे झालेत, आणि ठरावांना घरी कोणी बोलू देत नाही.

मात्र नग उतरत चालला होता. तात्यांच्या पेपरातला अग्रलेखसुद्धा त्याला जाईना. दिवसभर फाटकाकडे तोंड करून उभा राही. हवा मानवली नसेल, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो.

एका दुपारी माझी आणि रॉजरची पाळी असताना फाटकातून एक म्हातारी बाई आत आली. पायात रबरी बूट, हातात दोरी. पेपरातला फोटो पाहून बस बदलत बदलत आली होती. मी नियमाप्रमाणे 'आपण कोण?' असं विचारलं, पण त्याचं उत्तर नगानेच दिलं. इतके दिवस त्याने आमच्याकडे तोंडातून आवाज काढला नव्हता (रॉजरचं आणि त्याचं म्हणूनच जमत असे), आणि आता असा ओरडला की वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी हातून कपबशी फुटली. बाई गेली आणि त्याचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली.

मी भांडणाच्या तयारीत होतो. ठरावांनी पाठ करून घेतलेली उत्तरं तोंडात होती. पण बाई भांडलीच नाही. "तुमच्या नोकऱ्यांचं वाचलं मी," ती म्हणाली. "कंपनीचं वागणं काही बरोबर नाही. मला तुमचं पटतं." मग त्याचे कान चोळत म्हणाली, "पण याला यातलं काय कळतंय हो? याला वाटतंय, मीच याला टाकलं." त्याची जोडीदारीण घरच्या कुंपणाशी उभी राहते आणि कोणी हाक मारली तरी येत नाही, असंही तिने सांगितलं, पण मुद्दा म्हणून नव्हे, घरच्यांची खुशाली सांगावी तसं, त्यालाच. मग तिने परतीची बस कधी आहे ते विचारलं, आणि तोवर बसू का म्हणून बादली उपडी करून त्याच्याजवळ बसली.

"कॅप्टन, याला घरी सोडू या."

मला वाटलं, मागून कोणी तिसरंच बोललं. रॉजर होता.

ठरावांना न कळवता जाणं माझ्याच्याने झालं नसतं. त्यांना फोन केला, तासाभरात सगळी मंडळी पार्किंगमध्ये जमली. ठरावांनी प्रश्न मांडला: नग पोचवायचा की नाही? नाही म्हणणाऱ्यांचे हात वर गेले, आणि मी व रॉजर सोडून ते सगळेच होते. एकाच्या घरी महिन्याभराचं बाळ होतं, ठरावांची स्वतःची दोन पोरं कॉलेजात. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. बाई बादलीवर बसून ऐकत होती आणि तिने एकदाही मान वर केली नाही. मी म्हटलं, "माल माझ्या सहीचा आहे, आणि विमानात मतदान नसतं." ठराव म्हणाले, "हे विमान नाही, पार्किंग आहे." मी नगाची दोरी सोडली.

आपल्या बहिणीने एका विद्यार्थ्याकडून सामान वाहायचा ट्रेलर मागून आणला आणि शिकवणीच्या गाडीला जोडला. (मी मागे घेऊन जोडायला निघालो होतो, पण विमानाला मागचा गिअर नसतो, त्याला दुसरं कोणीतरी ढकलतं, ही गोष्ट तिला लग्नापासून माहीत आहे.) पुढे ती आणि म्हातारी, टपावर 'शिकाऊ चालक' अशी पाटी, मागे ट्रेलरमध्ये नग, मी आणि रॉजर. आयुष्यभर माल नेला, त्या दिवशी पहिल्यांदा मालात बसलो. मालाच्या वतीने सांगतो दादा, वळणावर फार हाल होतात. आमचे सहकारी फाटकाशी दोन्ही बाजूंना उभे होते. कोणी अडवलं नाही. एकाने सवयीने सलाम केला आणि हात मधेच खाली घेतला.

बाईच्या घरी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. कुंपणाशी एक करडी गाढवीण उभी होती. नग ट्रेलरमधून उतरला, आमच्याकडे ढुंकूनही न पाहता तिच्याकडे गेला, आणि कुंपणावरून माना एकमेकांत अडकवून दोघं जी गप्प उभी राहिली ती तशीच. मी टोपी घातली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "माल सुस्थितीत पोचला ना?"

"पोचला," बाई म्हणाली.

त्या शब्दासरशी आमचा विभाग बंद झाला. रॉजर कुंपणाकडे तोंड करून बराच वेळ नाक शिंकरत होता. परतताना मी आणि रॉजर पुन्हा ट्रेलरमध्येच बसलो. थोडं गेल्यावर आपल्या बहिणीने गाडी थांबवली, ट्रेलरपाशी आली आणि मला म्हणाली, "पुढे येऊन बसा."

दुसऱ्या सकाळी सगळ्यांना एकाच वेळी, एकाच मजकुराचे निरोप आले. (कंपनीने निरोप पाठवायचं कामही बाहेर दिलं असल्यामुळे माझ्या निरोपात मला 'प्रिय ग्राहक' म्हटलं होतं.) ठरावांनी सभा घेऊन माझ्या निषेधाचा ठराव मांडला. तो एकमताने मंजूर झाला. सवयीने मीही हात वर केला होता. तेव्हापासून कोणाचा फोन नाही. रॉजर मात्र दर रविवारी करतो. मी काय काय घडलं ते सांगतो, तो 'रॉजर' म्हणतो आणि ठेवतो. त्याचा मला फार आधार आहे.

सध्या मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मदत करतो, म्हणजे करत होतो. गाडी सुरू करण्यापूर्वी काय काय तपासायचं ते मी विद्यार्थ्यांना मोठ्याने म्हणायला लावत असे, आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत शिकवणीची वेळ संपे. एका विद्यार्थिनीने मला सांगितलं की मी शिकवल्यापासून तिला गाडीची भीती अजिबात वाटत नाही, कारण गाडी हलतच नाही. आपल्या बहिणीने मला प्रेमाने कामावरून काढलं. तेही एक बरंच झालं. काढून टाकताना तोंडावर सांगणारं कोणीतरी भेटलं.

वहिनींना माझा नमस्कार सांगावा, मुलांना आशीर्वाद. तात्या आपली आठवण काढतात, विशेषतः वाद घालायला कोणी नसलं की. आपला माझ्यावर जो काही लोभ असेल तो या पत्राने कमी होऊ नये, एवढंच मागणं.

आपल्या आज्ञेत (जमेल तितका) असणारा,
आपल्या बहिणीचा नवरा

ता. क. मागणं आणखी एक आहे. पत्र बंद करता करता आठवलं असं लिहिणार होतो, पण आपण ओळखालच. आमचं काम ज्या बाहेरच्या कंपनीला मिळालं तिच्याकडे विमानं आहेत, वैमानिक नाहीत. तिने वैमानिक आणायचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं, दुसरीने तिसरीला, आणि तिसरीने ते माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीला दिलं, जी आजवर इमारतींना वॉचमन आणि बंगल्यांना माळी पुरवत होती. परवा तिची जाहिरात पाहिली: 'अनुभवी वैमानिक पाहिजेत. स्वतःची शिट्टी व टॉर्च असल्यास प्राधान्य.' खाली नंबर होता. दादा, तो नंबर मला तोंडपाठ आहे, कारण त्यावर मी इतकी वर्षं 'हो दादा' म्हणत आलो आहे. तर आमची सगळी मंडळी आपण घ्यावीत. बाळवाला, ज्याचे वडील ओळखत नाहीत तो, रॉजर (मुलाखतीत तो हो म्हणतो आहे असं समजावं), आणि ठरावसुद्धा. विमानं त्यांच्याइतकी कोणाला कळत नाहीत. शिट्टीचा आग्रह धरू नये. आणि मी शब्द टाकला हे त्यांना कृपा करून कळू देऊ नये. कळलं तर नाकारतील, आणि नाकारल्याचा ठराव करतील.

ता. क. २. वरच्या नावांत माझं नाव नाही, हे आपल्या नजरेतून सुटलं नसेल. ते मुद्दाम आहे. ज्यांच्या नोकऱ्या माझ्यापायी गेल्या त्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. शिवाय बायकोच्या भावाकडे हात पसरणं माझ्या तत्त्वात बसत नाही. आपल्या बहिणीलाही मी तसंच ठणकावून सांगितलं आहे, आणि तिला ते आवडलेलं दिसलं.

ता. क. ३. सगळे घेऊन झाल्यावर चुकून एखादी जागा उरलीच, तर मी मोकळा आहे. कॅप्टनची डावीकडची खुर्चीच हवी असं काही नाही. सहवैमानिकाची, उजवीकडची दिलीत तरी चालेल. फोन दुपारी करावा, तेव्हा ती शिकवणीवर असते.